तुमची चाल, माझं नाव

मास्तर, तुम्ही गेलात त्या दिवशी दुपारी तुमच्या दारावरून एक वरात गेली.

तुम्हाला अंगणात निजवलं होतं. मंदा वणीहून निघाली होती, लेक पोचल्याशिवाय उचलायचं नाही असं ठरलं होतं. सगळी आळी जमलेली, आपल्या वाद्यवृंदातले चाळीसजण जमलेले, अन् मी तुमच्या उशाशी प्लास्टिकच्या खुर्चीत. लांबून बँड ऐकू यायला लागला. कोणत्या गावची पार्टी होती कोण जाणे, पण वाजवत होते दणकून. वळणावर आले, पुढच्या क्लॅरिनेटवाल्याला अंगणातली गर्दी दिसली, अन् त्यानं नुसता हात वर केला. अख्खा बँड एका मात्रेवर बंद. नाचणारी माणसं थांबली, नवरदेवानं घोड्यावरून हात जोडले. आता फक्त पावलं ऐकू येत होती, आणि तीही तालात. मी मोजत होते, माझी खोड तुम्हाला माहीत आहे. चौसष्ट मात्रा झाल्या, तुमचं घर मागे पडलं, पिठाच्या चक्कीपाशी त्यांनी सूर उचलला. गाणं मनातल्या मनात चालू ठेवलं असतं तर जिथे पोचलं असतं, नेमकं तिथूनच उचलला. मी सवयीनं तुमच्याकडे वळून पाहिलं, तुमच्या लक्षात आलं का ते बघायला.

तेव्हा कुठे मला रडू आलं. तोवर मी मोठ्या शहाण्या बाईसारखी लोकांना पाणी विचारत फिरत होते.

दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रातून फोन आला. मास्तरांवर लिहून द्या म्हणाले. जन्मगाव, शिक्षण, पुरस्कार, असं सगळं. मी फोन ठेवून दिला. पुरस्कार! तुम्हाला लग्नातल्या शाली सोडून कोणी काय दिलं होतं? म्हणून त्यांच्यासाठी नाही, तुम्हालाच लिहिते आहे. शिवाय एक गोष्ट आहे जी सहा वर्षं माझ्या घशात अडकली आहे. आपल्या वाद्यवृंदाची सगळ्यात गाजलेली रचना माझ्या नावावर आहे, आणि तिची चाल तुमची आहे. हे तुम्हाला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं, पण आपण दोघंही त्यावर कधी बोललो नाही. येते त्यावर. जरा धीर गोळा करू द्या, मास्तर.

पहिल्यांदा तुम्हाला पाहिलं तेही वरातीतच. मी शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाले होते आणि डोक्यात खूळ घेतलं होतं की यवतमाळात सिंफनी उभी करायची. हाताशी व्हायोलिन शिकणाऱ्या अकरा मुली होत्या, बाकी शून्य. फुंकीची वाद्यं कुठून आणायची? नागपूरच्या माझ्या ओळखीतले लोक तर तोंडावर हसले. म्हणून मे महिन्यातल्या भर दुपारी मी बाभुळगावला आले, कोणीतरी सांगितलं होतं की तिथे एक क्लॅरिनेटवाले मास्तर आहेत. तुम्ही लाल कोट घालून, घामानं निथळत, डांबरी रस्त्यावर चालत वाजवत होता. गाणं सिनेमातलंच, गल्लीतलं पोर ओळखेल असं. पण प्रत्येक ओळीच्या शेवटी तुम्ही एक छोटीशी जागा घेत होता, आणि ती दर वेळी वेगळी. मी रसवंतीच्या आडोशाला उभी राहून ऐकत राहिले. एकही जागा दुसऱ्यांदा आली नाही. मग मी निलाजऱ्यासारखी वरातीमागून मांडवात गेले आणि जेवायलाही बसले.

"मॅडम, तुमी नवरीकडल्या का नवरदेवाकडल्या?" तुम्ही येऊन विचारलंत.

"मी तुमच्याकडची," मी म्हणाले, आणि सिंफनी म्हणजे काय ते सांगायला लागले. चाळीस-पन्नास माणसं एकत्र बसून वाजवतात.

"बसून?"

"हो. आणि लोकही बसून ऐकतात."

"मंग नाचत कोनीच नाही?"

"नाही."

"बाप्पा," तुम्ही म्हणालात, "मंग तर लय चांगलं वाजवा लागीन."

इतकी वर्षं मी संगीत शिकवलं, मास्तर, पण या कलेची इतकी सरळ व्याख्या मला कोणी दिली नव्हती.

तालमी लोहाऱ्याला, बंद पडलेल्या डाळमिलच्या शेडमध्ये, दर रविवारी सकाळी. तुम्ही सात बँडवाले घेऊन आलात. रामधनकाका बंजारा तांड्यावरून नगारा घेऊन आले. भजनी मंडळातले दोघे आले, पोस्टातले एक साहेब नागपूरहून जुना चेलो घेऊन आले. पहिले दोन महिने मला वाटलं, हे काही होत नाही. तुमच्या माणसांना बसून वाजवता येईना. खुर्चीत बसलं की त्यांचा ताल जायचा, कारण त्यांचा ताल पायात होता. ते तुम्ही सोडवलंत, सगळ्यांना चपला काढून बसल्या जागी पावलं टाकायला लावलीत. शेडमध्ये चौदा पाय एकदम पडायचे आणि मुली हसून बेजार व्हायच्या.

पण खरी पंचाईत विरामांची होती. माझ्या कागदावर जिथे आठ मात्रा, सोळा मात्रा गप्प बसायचं होतं तिथे तुमच्या लोकांना गप्प बसवेना. आयुष्य वरातीत गेलेलं, तिथे बँड थांबला की मागून कोणीतरी खेकसतो, काहून थांबले बे? त्यामुळे विराम आला रे आला की मोठा पितळी कर्णा धरलेला युफोनियमवाला एखादं सिनेमाचं गाणं घुसडून द्यायचा. चांगल्या मनानं, हो. रिकामं राहू नये म्हणून. एका रविवारी मी खडू फेकून मारला आणि म्हणाले, तुम्हाला साधं गप्प बसता येत नाही का?

तुम्ही उठलात. माझ्याकडे बघितलंही नाहीत, आपल्या माणसांकडे वळलात.

"वरात जाऊन राह्यली," तुम्ही म्हणालात, "अन् रस्त्यात मयतीचं घर लागलं. आपन काय करतो?"

"बंद करतो," युफोनियमवाला म्हणाला.

"पाय?"

"पाय चालू."

"अन् गानं?"

"मनात चालू."

"घर सरलं की?"

"उचलतो."

"मंग मॅडमच्या कागदावर हे जे रिकामं दिसते ना, ते मयतीचं घर आहे समजा. कोनाच्या तरी दुःखासाठी आपन गप्प बसून राह्यलो. त्याच्यात गानं घालाचं नाही."

मास्तर, मला माझ्या गुरूंनी शिकवलं होतं की विराम म्हणजे रिकामी जागा नव्हे. मी ते वहीत लिहून घेतलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, तीस वर्षं पोरांना सांगितलं होतं. पण तो विराम नेमका काय आहे ते मला त्या दिवशी डाळमिलमध्ये कळलं. त्यानंतर आपल्यात विराम हा शब्दच राहिला नाही. आठ मात्रांचं घर, सोळा मात्रांचं घर. आता व्हायोलिनवाल्या मुलीसुद्धा तसंच म्हणतात.

मी तुमच्याशी किती भांडले! स्वरलिपी शिका, स्वरलिपी शिका, असा धोशा लावला. तुम्ही म्हणायचात, "कागदाकडं पाहू का तुमच्या काडीकडं पाहू? दोन डोळे आहेत, पन नजर एकच आहे." माझ्या हातातल्या छडीला तुम्ही सगळे काडी म्हणता, मला ते तेव्हा फार लागायचं. मी म्हणायचे, उद्या काही विसरलात तर? तुम्ही म्हणायचात, "उद्या कागद विसरला तं?"

आणि उमरखेडला नेमका कागदच विसरला. मीच विसरले. बाजार समितीच्या आवारात कार्यक्रम, कापसाच्या गाड्या एका बाजूला लावलेल्या, माणसं ताडपत्रीवर बसलेली, आणि स्वरलिप्यांची पेटी तीन तासांच्या अंतरावर लोहाऱ्याच्या शेडमध्ये. लोकांना वाटत होतं, ऑर्केस्ट्रा आहे म्हणजे गाणारी बाई येणार, नाचणारं कोणी येणार. पुढे बसलेले एक आजोबा दर दोन मिनिटांनी विचारत होते, "गानारे कवा येतीन?"

तुम्ही क्लॅरिनेट खुर्चीवर ठेवलंत आणि एकेकाच्या कानाशी गेलात. पहिलं व्हायोलिन, दुसरं व्हायोलिन, चेलो, हार्मोनियम, बासरी. प्रत्येकाला त्याचा भाग, जिथे तो अडतो तेवढा, हळू आवाजात गाऊन दाखवलात. दुसऱ्या व्हायोलिनमधल्या एका मुलीला म्हणालात, "इथी तू नेमी घाई करतेस, घर बारा मात्राचं आहे." तिच्या भागातलं घर! मला स्वतःला ते कागद बघितल्याशिवाय सांगता आलं नसतं, आणि तो कागद लिहिला मी होता. चाळीस माणसांचे सूर तुमच्या डोक्यात होते, मास्तर, आणि ते तिथे किती दिवसांपासून होते हे तुम्ही कधी कोणाला सांगितलं नव्हतं. मी आयुष्यात मोठेमोठे कलावंत ऐकले आहेत. पण थक्क होऊन तोंड उघडं राहणं म्हणजे काय ते मला उमरखेडच्या बाजार समितीत कळलं.

वाजलं छान. बऱ्यापैकी छान. संपल्यावर ते आजोबा जवळ आले आणि म्हणाले, "बाई, हे काय होतं ते मले समजलं नाही. पन उठावंच वाटलं नाही." त्यांच्या सोयाबीनची गाडी उतरायची राहिली होती.

येताना बसमध्ये तुम्ही माझ्या मागच्या सीटवर होता. पुसद आलं तसं पुढे वाकून विचारलंत, "मॅडम, पेटीले कुलूप तं लावलं होतं ना? नाही, कागद चोरीले गेले तं आपलं कसं होईन." सगळी बस हसली. मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही.

आता त्या चालीवर येते.

एका रविवारी मी लवकर पोचले. शेडचं दार अर्धं उघडं होतं, तुम्ही आत एकटेच बसून क्लॅरिनेटच्या तोंडाची नवी रीड भिजवून बघत होता. आणि वाजवायला लागलात. संथ, अगदी साधं. चार सूर वर जायचे, तिथे थोडं घुटमळायचे, मग एकच सूर खाली यायचा, जणू एखादं माणूस दारापर्यंत जाऊन काहीतरी राहिलं म्हणून परत वळतं. मी बाहेर उन्हात उभी राहिले. माझ्यासारख्या बाईला, मास्तर, दारातून आत जायचा धीर झाला नाही. तुम्ही थांबलात तेव्हा आत येऊन विचारलं, हे कोणाचं? तुम्ही रीड पुसत म्हणालात, "असंच आहे, मॅडम."

घरी जाऊन मी ते लिहून काढलं. चार महिने त्यावर काम केलं. व्हायोलिनं खाली घातली, चेलो घातला, मधे रामधनकाकांचा नगारा अगदी हलका, बोटांनी. ते काम माझं होतं, ते मी नाकारत नाही. पण चाल तुमची होती, सुरापासून सुरापर्यंत. पहिल्यांदा तालमीत वाजवली तेव्हा मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुम्ही पूर्ण ऐकलंत आणि फक्त म्हणालात, "तिसरा सूर जरासा उतरता ठेवा लागीन."

मग यवतमाळच्या मोठ्या सभागृहातला कार्यक्रम आला. पत्रिका छापायची होती. छापखान्यातल्या माणसानं विचारलं, "मॅडम, रचना कोणाची टाकू?" आणि मी म्हणाले, "माझी."

एवढंच. एका शब्दाचं काम. मी खोटं बोलायचं ठरवून गेले नव्हते. त्या क्षणी मला वाटलं, चार महिने खपले आहे, माझीच तर आहे. दुसऱ्या क्षणी कळलं होतं की नाही. पण तोवर त्यानं लिहून घेतलं होतं आणि मी त्याला थांबवलं नाही. तुम्ही पत्रिका हातात घेऊन वाचलीत. स्वरलिपी वाचत नसाल, मराठी तर चांगली वाचत होता. "छान छापलं, मॅडम," म्हणालात, आणि घडी घालून लाल कोटाच्या खिशात ठेवलीत.

त्या दिवशी तुम्ही ती चाल वाजवलीत आणि सभागृहात सातशे माणसं श्वास रोखून बसली. वकील, कलेक्टर कचेरीतले लोक, कापसाचे व्यापारी, तांड्यावरच्या बाया, शाळेतली माझी जुनी मुलं. नंतर टाळ्या थांबेनात. मी वाकून नमस्कार केला, दोनदा. ती चाल मग जिल्हाभर गेली. लग्नात वाजायला लागली, एका शाळेची प्रार्थना तिच्यावर बसवली. जो तो मला म्हणायचा, मॅडम, तुमची ती चाल.

आपलं एक भांडण मात्र शेवटपर्यंत मिटलं नाही. मी ती चाल षड्जावर आणून संपवली होती, घरी पोचल्यासारखी. तुम्ही दर वेळी एक सूर आधीच सोडून द्यायचात. मी काडी खाली आणायची आणि तुम्ही ओठ काढून घेतलेले असायचे. "मास्तर, संपवा ना," मी म्हणायचे. "हे संपत नाही, मॅडम," तुम्ही म्हणायचात. मी चिडायचे, हट्टी म्हणायचे, लोकांसमोरही म्हटलं. एकदा मीच हिंमत करून विषय काढला. म्हटलं, मास्तर, त्या चालीचं असं आहे की... तुम्ही मला मधेच तोडलंत. "सूर काय माह्या बापाचे आहेत का, मॅडम? चला, गाडी निघून जाईन." मी ते वाक्य पदरात बांधून घेतलं. म्हटलं, मास्तरांना काही वाटत नाही, मग झालं तर. किती सोयीचं होतं ते, मास्तर.

दहाव्याला मी तुमच्या घरी गेले. वहिनी आत होत्या, मंदा माझ्याजवळ येऊन बसली. मी तिला म्हणाले, तुझ्या बाबांची एक गोष्ट मला सांगायची आहे. ती म्हणाली, "चालीची ना?"

मग तिनंच मला सांगितलं. तिच्या लग्नात तुम्ही वाजवलं नव्हतं. मुलीचा बाप कोट घालून वरातीपुढे कसा चालेल, म्हणून दुसऱ्या गावचा बँड सांगितला होता, आणि तुम्ही दिवसभर मांडवात हात जोडून उभे. पाठवणीच्या वेळी मात्र घरात जाऊन क्लॅरिनेट घेऊन आलात. अंगणातून वाजवायला लागलात, आधी कधीच न वाजवलेलं. "जीप कोपऱ्यावर वळली, मी मागं पाहून राह्यली होती," मंदा म्हणाली, "अन् वळली तशी बाबांनी सोडून देलं. तितकंच आहे ते. त्याच्यापुढं नाहीच."

म्हणून ते संपत नव्हतं. आणि मी त्याला षड्ज चिकटवत बसले होते.

"यवतमाळच्या कार्यक्रमाले मी होती, मॅडम," ती म्हणाली. "पत्रिका पाहून मले लय राग आला. उठून सांगणार होती सगळ्याईले. बाबा म्हणे, बस खाली. एवढ्या लोकाईनं तुह्या पाठवणीले टाळ्या वाजवल्या, अजून तुले काय पायजे?"

मला तिच्यासमोर मान वर करता आली नाही. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. तिनं! मी ठेवायला हवा होता.

परवाच्या रविवारी शेडमध्ये सगळे जमले होते. तुमच्या खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं. मी काडी उचलली नाही. समोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं; दाराबाहेर उभं राहून ऐकलेलं, छापखान्यातला तो एक शब्द, सहा वर्षांच्या टाळ्या. म्हटलं, पत्रिका नव्यानं छापेन, स्वरलिपीवरचं माझं नाव आजच खोडते. शेवटचा षड्ज पण काढते. यानंतर तुम्हाला मला इथे ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

मुली खाली बघत होत्या. मग रामधनकाका नगाऱ्यावरचं कापड सारखं करत म्हणाले, "आमाले माहीत होतं, मॅडम."

"काय माहीत होतं?"

"चाल मास्तरची आहे ते. पयल्या दिवसापासून. त्याईच्या पोरीच्या पाठवणीले मी होतो, हे सातही बँडवाले होते. सगळ्याईनं ऐकली होती."

मी चाळीस तोंडांकडे बघत राहिले. एकाच्याही चेहऱ्यावर नवल नव्हतं. सहा वर्षं ही माणसं माझ्या काडीखाली ती चाल वाजवत होती आणि पत्रिकेतलं नाव वाचत होती.

"मग मला कोणीच कसं बोललं नाही?"

"मास्तर नाही म्हणे," रामधनकाका म्हणाले. "म्हणे, मॅडमले कोनी काही बोलू नका. त्या चांगल्या मानूस आहेत. एखाद्या रविवारी सोताहून सांगतीन."

मास्तर, म्हणजे तुम्ही सहा वर्षं दर रविवारी बाभुळगावहून पहिल्या गाडीनं यायचात, माझ्यासमोरच्या खुर्चीत बसायचात, रीड भिजवायचात आणि माझ्या तोंडाकडे बघायचात. मला वाटायचं, मास्तर काडीकडे बघतात. आणि मी दर रविवारी म्हणायचे, चला, सुरू करू या.